गाळून टाकायचा रंग

"मॅडम, रक्त काळं येतंय." हे वाक्य कानावर पडलं की भूलतज्ज्ञाच्या पोटात गोळा येतो. सर्जनची नजर जखमेवर असते, माझी पेशंटच्या डोक्याशी, हातातल्या बॅगवर. लालभडक दिसायला हवं ते रक्त जांभळट-काळसर दिसू लागलं, म्हणजे ऑक्सिजन कुठेतरी अडला. नळी घसरली असेल, सिलिंडर संपत आला असेल, नाहीतर फुफ्फुसात हवाच जात नसेल. १९७०च्या दशकाच्या शेवटी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मी भूल द्यायला शिकत होते, तेव्हा ऑक्सिजन मोजायचं आमचं यंत्र एवढंच. सर्जनचे डोळे आणि आपले डोळे. बॉयलचं मशीन, पेशंटच्या छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप, बोटाखाली नाडी, आणि सारखं ओठ, नखं, कानाची पाळी बघत राहायचं. पेशंटला हिरव्या चादरींनी झाकताना आमचे सर हटकून सांगत, एक कान उघडा ठेवा.

हे डोळ्यांचं यंत्र किती कच्चं होतं, ते आमच्या आधीच सिद्ध झालं होतं. १९४७ साली अमेरिकेत कॉमरो आणि बोटेल्हो यांनी डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसवून, माणसाचा रंग निळसर कधी वाटतो ते विचारलं. रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बहुतेकांना फरक कळलाच नाही. आज ९०च्या खाली आकडा गेला तरी आम्ही धावपळ करतो. त्यात आमच्या ओटीतल्या ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड आणि आपल्या लोकांची सावळी कातडी. ओठ निळे दिसेपर्यंत वाट बघायची म्हणजे उशीर झालेलाच.

आणि हा सगळा आटापिटा ज्याच्यासाठी, तो मेंदू तर दिसतच नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव अंगातल्या ऑक्सिजनपैकी साधारण २० टक्के खातो. पुरवठा पूर्ण तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. कान बघता येतो, नख बघता येतं, मेंदू मात्र कवटीच्या आत. त्या बंद पेटीतल्या रक्ताचा रंग बाहेरून ओळखता येईल, हे माझ्या शिकण्याच्या काळात कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. तो ओळखता कसा येऊ लागला, याची गोष्ट मी पुढे पीजीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना जुने शोधनिबंध चाळत गोळा केली. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. शोधणारे भलतंच काही शोधत होते, आणि रक्ताचा रंग त्यांच्या आड येत होता. मोठी पावलं पडली ती या आड येणाऱ्या गोष्टीकडे कुणीतरी थांबून बघितलं म्हणून.

गोष्टीची सुरुवात जर्मनीतल्या ट्युबिंगनची. तिथे टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात फेलिक्स होप-झायलर यांची प्रयोगशाळा होती. याच किल्ल्यात पुढे १८६९ साली मीशरला पुवातल्या पेशींमध्ये तो पदार्थ सापडला, ज्याला आज आपण डीएनए म्हणतो. होप-झायलर यांनी १८६२ साली पातळ केलेल्या रक्तातून सूर्यप्रकाश सोडला आणि बाहेर पडणाऱ्या उजेडाचा पट्टा लोलकातून पसरून बघितला. पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळ्या पट्ट्या उमटल्या होत्या. तेवढा उजेड रक्ताने गिळला होता. रक्तातल्या या रंगद्रव्याला त्यांनीच १८६४ साली हिमोग्लोबिन हे नाव दिलं.

त्यांचा निबंध केंब्रिजला जॉर्ज स्टोक्स यांच्या हाती पडला. स्टोक्स गणिताचे प्राध्यापक, रक्ताशी त्यांचा तसा संबंध नाही. पण पट्ट्या म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी रक्ताच्या द्रावणात लोहाचा असा क्षार घातला, जो ऑक्सिजन ओढून घेतो. लाल द्रावण जांभळट झालं आणि दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टी आली. तेच द्रावण हवेत हलवल्यावर पुन्हा लाल, पुन्हा दोन पट्ट्या. १८६४ सालच्या या प्रयोगात आमच्या धंद्याचं मूळ आहे. सर्जनला काळं रक्त का दिसतं, याचं उत्तर एका गणितज्ञाने काचेच्या नळीत दाखवून दिलं होतं.

मग ट्युबिंगनचेच कार्ल फॉन फियरऑर्ट. १८७६ साली त्यांनी रक्त अंगाबाहेर काढायची गरजच उरवली नाही. आपलं बोट उजेडापुढे धरलं आणि आरपार आलेला लाल उजेड लोलकातून बघितला. दोन पट्ट्या दिसल्या. मग बोट आवळून त्यातला रक्तप्रवाह थांबवला आणि बघत बसले. हळूहळू दोन पट्ट्या विरल्या, एक उरली. बोटातल्या पेशी अडकून पडलेल्या रक्तातला ऑक्सिजन खात होत्या आणि ते खाणं बाहेरून, कातडीला ओरखडाही न काढता दिसत होतं. लोडशेडिंगच्या रात्री टॉर्च तळहाताखाली धरून लाल पंजा बघितला नाही असं मूल आपल्याकडे सापडणार नाही. तोच उजेड फियरऑर्टने पट्ट्या मोजत बघितला. पण त्यांच्या या निबंधाकडे पुढची कितीतरी वर्षं कुणी वळूनही पाहिलं नाही.

मेंदूकडे माणसं निराळ्या वाटेने आली होती. इटलीत तुरीनला अँजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे बेर्तीनो नावाचा शेतकरी आला. १८७७ साली उंचावरून वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं. जखम भरली, पण हाडाची खिडकी राहिली आणि त्या जागी मेंदूची धडधड कातडीखाली उडताना दिसे. मोस्सोने तिथे एक यंत्र बसवून ती धडधड कागदावर उतरवली. एकदा नोंद चालू असताना दुपारी बाराची चर्चची घंटा वाजली आणि रेघ उंचावली. घंटा ऐकून आवे मारियाची प्रार्थना म्हणायला हवी होती का, असं मोस्सोने विचारलं, तशी रेघ पुन्हा चढली. हाताच्या नाडीत मात्र तसा काही फरक नव्हता. विचार आला की मेंदूकडे रक्त वाढतं, हे त्या कागदावर उमटलं होतं.

१८९० साली केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून याला नियमाचं रूप दिलं. मेंदूचा जो भाग काम करतो, त्या कामातून निघणारे पदार्थच तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, असं त्यांचं म्हणणं. पण १८९६ साली लेनर्ड हिल यांनी ते खोडून काढलं, आणि हिलचा दबदबा असा की विषय कितीतरी वर्षं थंड्या बस्त्यात गेला.

तो पुन्हा वर काढला वॉल्टर के. या पेशंटने. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात हार्वे कुशिंग यांनी त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात शस्त्रक्रिया केली, तेव्हा तिथे रक्तवाहिन्यांचा गुंताच निघाला. तो काढणं अशक्य होतं, म्हणून तसाच ठेवून टाके घातले. हाडाचा तुकडा मात्र परत बसवला नाही. वॉल्टरला आपल्या डोक्यात सूं सूं असा आवाज ऐकू यायचा, आणि त्याचं म्हणणं असं की वाचायला लागलं की आवाज वाढतो. दुसऱ्या कुणी हे मनावर घेतलं नसतं. जॉन फुल्टन यांनी त्याच्या डोक्याला स्टेथोस्कोप लावला, अंधारात बसवून, बारीक अक्षर वाचायला देऊन, वास हुंगायला लावून आवाजाची नोंद केली. वाचताना आवाज खरंच वाढत होता, वास घेताना नाही. बघण्याचं काम करणारा मेंदूचा भाग नेमका तिथेच असतो. हा निबंध १९२८ सालचा. पेशंटच्या तक्रारीवर विश्वास ठेवला की काय हाती लागतं, हे दाखवायला मी तो विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देते.

पण मोस्सो काय, फुल्टन काय, दोघांनाही कळलं ते रक्त किती येतं एवढंच. रक्ताचा रंग, म्हणजे त्यातला ऑक्सिजन, कळायला उजेड आत जाऊन बाहेर यायला हवा. लंडनच्या गायज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ सालीच एका पेशंटचं वर्णन छापलं होतं. जेम्स कार्डिनल नावाच्या त्या तरुणाचं डोकं पाणी भरून फुगलेलं होतं आणि मागे मेणबत्ती धरली तर कवटी उजळलेली दिसे. ते पाणी होतं, घट्ट मेंदू नव्हता. त्यामुळे तो एक चमत्कारिक दाखला म्हणून पुस्तकात राहिला.

आता जपान. निहोन कोहडेन या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे इंजिनिअर हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजण्याच्या खटपटीत होते. पद्धत अशी की शिरेत रंग सोडायचा आणि तो कानाच्या पाळीत कधी, किती पोचतो ते उजेडाने बघायचं. अडचण नाडीची. प्रत्येक ठोक्याला कानात रक्त भरतं, ओसरतं, आणि रंगाची सुबक रेघ करवतीसारखी दातेरी होते. आओयागींना हे दात घालवायचे होते. दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे उजेड वापरून, एकाच्या दातांनी दुसऱ्याचे दात कापायचे असा त्यांनी हिशेब बसवला. बसलाही. पण रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की हिशेब बिघडे आणि घालवलेले दात पुन्हा वर येत. इथे कुणीही वैतागून यंत्र बाजूला ठेवलं असतं. आओयागींच्या ध्यानात आलं की बिघाड ऑक्सिजनच्या प्रमाणात होतो, म्हणजे बिघाडावरूनच ऑक्सिजन काढता येईल. शिवाय नाडीबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं ताजं रक्त. कातडी, हाड, शिरांतलं रक्त जागच्या जागी असतं, म्हणून हलणाऱ्या भागाचाच हिशेब केला की बाकी सगळं आपोआप वजा होतं. हे त्यांनी १९७४ साली मांडलं. रंगाची रेघ राहिली बाजूला, तिच्यावरची खरखर जगभर पोचली.

ते यंत्र आमच्या ओटीत आलं तेव्हा मी बऱ्यापैकी अनुभवी होते. चिमटा बोटाला लावायचा की टिक टिक सुरू, आणि प्रत्येक टिकचा सूर ऑक्सिजनबरोबर चढतो-उतरतो. आकडा बघायचीही गरज नाही, सूर उतरला की हात आपसूक नळीकडे जातो. पहिले काही दिवस सर्जन कुरकुरत, ही किरकिर बंद करा म्हणत. पुढे टिक टिक ऐकू आली नाही तर तेच विचारायला लागले. त्याच्या खोडीही आम्ही शिकलो. डोहाळजेवणाची गडद मेंदी असलेली बाई सिझेरियनला आली की चिमटा कानाला. नेलपॉलिश पुसायला मावशी ॲसिटोनची बाटली घेऊन हजर. पण हे यंत्र बोटातलं सांगतं. बोटात ९८ आणि मेंदूत मात्र टंचाई, असं होऊ शकतं. मानेतली धमनी अरुंद झालेली असेल, रक्तदाब पडला असेल, हार्ट-लंग मशीनवर प्रवाह कमी असेल, तर बोटावर भरवसा ठेवून चालत नाही.

मेंदूचं दार उघडलं ते अमेरिकेत, ड्यूक विद्यापीठात. फ्रान्स योब्सिस हे मूळचे डच. त्यांचं लक्ष हिमोग्लोबिनकडे नव्हतंच. पेशीच्या आत जिथे ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो, तिथलं सायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य त्यांना बघायचं होतं. रक्त पोचलं की नाही यापेक्षा पेशीने खाल्लं की नाही, हा त्यांचा प्रश्न, आणि खरं तर तोच मोलाचा. पण हाडातून उजेड जाणार कसा? घरी जेवणाच्या टेबलावर मांसातलं एक सपाट हाड त्यांनी दिव्यापुढे धरलं आणि पलीकडून लाल उजेड येताना दिसला, अशी आठवण त्यांनीच पुढे लिहून ठेवली. लाल जात असेल तर लालच्या पुढचा, डोळ्याला न दिसणारा उजेड आणखी जाईल.

का जाईल, तेही सांगते. साधारण ६५० नॅनोमीटरच्या अलीकडचा उजेड हिमोग्लोबिन अधाशासारखा गिळतं. ९५०च्या पलीकडचा पाणी गिळतं. मधल्या पट्ट्यात दोघांचीही भूक मंद, म्हणून उजेड हाडा-मांसातून काही सेंटिमीटर आत शिरून परत येऊ शकतो. आणि योगायोग असा की याच पट्ट्यात ऑक्सिजनवालं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळं वागतात. ८००च्या आसपास दोघं सारखं गिळतात. त्याच्या अलीकडे, ७६०ला, ऑक्सिजन सोडलेलं जास्त गिळतं, पलीकडे ८५०ला ऑक्सिजनवालं. दोन्ही बाजूंचा एकेक उजेड सोडून किती परत आला ते बघितलं की आतल्या रक्ताचा रंग कळतो. मांजराच्या अख्ख्या डोक्यातून असा उजेड आरपार काढून योब्सिसने तो निबंध डिसेंबर १९७७मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. त्यांच्या सायटोक्रोमची खूण मात्र बारीक, आणि तिच्यावर हिमोग्लोबिनची खूण पसरलेली. ते हिमोग्लोबिन वजा करण्यात पुढच्या लोकांची उमेदीची वर्षं गेली, अजून जात आहेत. दवाखान्यात पोचलं ते हिमोग्लोबिनच.

तिसरी गोष्ट इस्रायलमधली.   वाइझमन इन्स्टिट्यूटचे अमिराम ग्रिनवाल्ड मेंदूवर खास रंग लावून काम करत. पेशीतला विजेचा दाब बदलला की रंगाची चमक बदलते, ती ते टिपत. त्यात मेंदूचा स्वतःचा रंग सारखा डोकावत राही. हा बदल संथ, काही सेकंद चालणारा. पेशीचं काम तर सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. तेव्हा ही संथ लाट म्हणजे वजा करायची कटकट. पण ती लाट उठायची नेमकी काम चाललेल्या ठिकाणीच. मग रंग लावायचाच कशाला? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या टॉर्स्टन वीझल यांच्याबरोबर त्यांनी केलेला प्रयोग १९८६ साली 'नेचर'मध्ये आला. त्यात रंगाचा थेंबही नव्हता.

तो प्रयोग कसा करतात ते जवळून बघण्यासारखं आहे. भूल दिलेल्या मांजराच्या डोक्यावर, डोळ्याने बघण्याचं काम जिथे चालतं तिथलं हाड बाजूला करतात. त्या जागी छोटी डबी पक्की बसवून तिच्यात सिलिकॉन तेल भरतात आणि वर काच लावतात, म्हणजे श्वासा-ठोक्याबरोबर मेंदू वर-खाली होत नाही. आधी हिरवा उजेड टाकून एक फोटो. हिरवा उजेड रक्त भरपूर गिळतं, त्यामुळे रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्याभोर उमटतात. हा झाला नकाशा. मग कॅमेऱ्याचा फोकस वाहिन्यांच्या थोडा खाली, मेंदूच्या आत उतरवतात आणि उजेड बदलून नारिंगी-लाल करतात, ६०५ नॅनोमीटरच्या आसपासचा. इथे ऑक्सिजन सोडलेलं रक्त जास्त गडद दिसतं. आता मांजरापुढच्या पडद्यावर उभ्या रेघा सरकवायच्या, फोटो घ्यायचे. मग आडव्या रेघा, पुन्हा फोटो. फरक हजारात एखाद्या भागाइतका, म्हणून तेच तेच परत परत करून सरासरी काढायची. शेवटी एक फोटो दुसऱ्याने भागला की पडद्यावर काळे-पांढरे ठिपके उगवतात, इथे उभ्या रेघा ओळखणाऱ्या पेशी, तिथे आडव्या. ह्यूबेल आणि वीझल यांनी सुई खुपसून एकेक पेशी ऐकत जो नकाशा वर्षानुवर्षं जुळवला आणि ज्यासाठी १९८१चं नोबेल मिळालं, तो एका बैठकीत दिसायला लागला. १९९१ साली बॉनहॉफर आणि ग्रिनवाल्ड यांना याच पद्धतीने दिसलं की वेगवेगळ्या दिशा ओळखणाऱ्या पेशी एका बिंदूभोवती भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या मांडलेल्या असतात.

यातून रक्ताचं वागणंही उलगडलं. पेशी कामाला लागल्या की पहिल्या एक-दोन सेकंदांत तिथलं रक्त किंचित गडद होतं, कारण हाताशी असलेला ऑक्सिजन उचलला जातो. मग पुरवठा येतो आणि तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त. फॉक्स आणि रेक्ल यांनी १९८६ साली माणसांत मोजलं तेव्हा रक्तप्रवाह २९ टक्के वाढला होता, ऑक्सिजनचा खप फक्त ५ टक्के. पंगतीत एकाने भात मागितला की वाढपी अख्ख्या ओळीला वाढत सुटतो, तशातला प्रकार. म्हणून काम करणारा मेंदू काळवंडत नाही, उलट जास्त लाल होतो. सुरुवातीच्या त्या गडद क्षणावर पुढे भरपूर वाद झाले, तो सगळ्यांना सापडत नाही म्हणून. पण नंतरची लाली निर्विवाद आहे, आणि एमआरआयने मेंदूचं काम दाखवतात तेही याच रक्ताच्या जोरावर, उजेडाऐवजी चुंबकाने.

माणसाच्या उघड्या मेंदूवर हा रंग सिअॅटलच्या हॅग्लंड, ओजमन आणि हॉखमन यांनी १९९२ साली टिपला. फिट्सच्या आजारासाठी जागेपणी शस्त्रक्रिया चालू असताना पेशंटला जीभ हलवायला, चित्रांची नावं सांगायला लावून. न उघडलेल्या डोक्यात मात्र पहिला मान तान्ह्या बाळांचा. त्यांची कवटी पातळ, डोकं लहान. १९८५-८६च्या सुमाराला ड्यूकमध्ये आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अतिदक्षता विभागातल्या नवजात बाळांच्या डोक्याला हे उजेड लागले. लंडनच्या डेव्हिड डेल्पी यांनी १९८८ साली महत्त्वाचा हिशेब मांडला. उजेड मेंदूतून सरळ जात नाही, ठेचकाळत जातो आणि त्याची वाट सरळ अंतराच्या चार ते सहा पट लांब होते. हे धरल्याशिवाय आकडा काढताच येत नाही. १९९५ साली जपानच्या हिताची कंपनीतल्या माकी आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर उजेडाच्या कितीतरी तारा एकदम लावून बोटांच्या हालचालीचा नकाशा काढला. २००३ साली इटलीतल्या त्रिएस्तेमध्ये तशाच टोपीखाली जेमतेम काही दिवसांच्या बाळांना माणसाचं बोलणं ऐकवलं, आणि तेच बोलणं उलटं फिरवून ऐकवलं. सुलट बोलण्याला मेंदूची डावी बाजू जास्त लाल झाली.

माझ्या वाट्याला हे तंत्र आलं ते कपाळावरच्या दोन चिकटपट्ट्यांच्या रूपात, हृदयाच्या शस्त्रक्रियांत. पट्टीत एक दिवा आणि दोन डोळे, एक जवळ, एक लांब. जवळच्या डोळ्यापर्यंत येतो तो कातडी-हाडातून फिरलेला उजेड, लांबच्यापर्यंत येतो तो मेंदूत डोकावून आलेला. दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. इथे नाडीचा हिशेब नसतो, शिरांतलं रक्तही मोजलं जातं, म्हणून आकडा ६०-७५च्या घरात. नवा मुलगा बघून घाबरतो. त्याला सांगावं लागतं की आकड्यापेक्षा उतार बघ, सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांनी घसरला तर हाल. एकदा डावीकडचा आकडा असाच उतरत गेला. रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ठीक, हिमोग्लोबिन ठीक. चादरीखाली हात घातला तर डोकं एका बाजूला कलंडलं होतं, मानेची शीर दबली होती. मान सरळ केली, आकडा वर. बोटाचा चिमटा तेवढा वेळ खुशाल ९९ दाखवत होता.

२०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर तोच चिमटा घेऊन फिरल्या आणि ९५ हा आकडा गावातल्या पारापर्यंत पोचला. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. आणि डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला. चिमटा ठीक दाखवतो पण धमनीतल्या रक्ताची तपासणी कमतरता दाखवते, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नमुन्यांत निघालं, काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के. कातडीतलं मेलॅनिनही उजेड गिळतं आणि यंत्राचा हिशेब तितका पक्का नव्हता. कपाळावरच्या पट्टीलाही हीच बाधा, आणि डोक्यावरच्या टोपीला वर काळ्याभोर केसांची. प्रयोग करणारे कंगव्याच्या टोकाने केसांची एकेक बट बाजूला सारत तासभर घालवतात. अशा टोप्या आता उत्तर प्रदेशातल्या शिवगढच्या खेड्यांतल्या बाळांच्या डोक्यांवरही बसल्या आहेत. म्हणजे काम अशक्य नाही, फक्त चिवटपणा हवा.

नाडी, हिमोग्लोबिन, मेंदूची लाली, तिन्ही एकेकाळी वजा करायच्या यादीत होत्या. आज त्या यादीत आपला वर्ण आहे. पण त्याची पाळी येण्याची वाट बघत बसायला आम्हा भूलतज्ज्ञांना सवड नाही. खरेदी समितीवर बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना म्हणून मी एवढंच सांगते. कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला की किंमत विचारायच्या आधी विचारा, हे कोणत्या रंगाच्या कातडीवर, किती माणसांवर तपासलं? आणि उत्तर लेखी घ्या.